बिऱ्हाडकरूने झाड कोठे लावावे?

पर्यावरणावर उपदेश करणाऱ्या सर्व लेखकांना स्वतःचे घर असते, असा मला फार दिवसांपासून संशय आहे. त्यांचे लेख मी आवडीने वाचतो. गच्चीवर सौरपट्ट्या बसवा, असे ते सांगतात. पावसाचे पाणी पन्हाळीतून विहिरीत सोडा, परसात खड्डा खणून खत करा, अंगणात कडुलिंब लावा, खिडक्या वाऱ्याच्या दिशेने काढा. सल्ला उत्तम आहे आणि त्यातील एकही अक्षर खोटे नाही. परंतु तो वाचून मी मान वर करतो तेव्हा मला दिसते ते असे, की गच्ची घरमालकाची आहे, पन्हाळ घरमालकाची आहे, अंगणाला फरशी बसलेली आहे आणि परस तर मुळात नाहीच. भिंतीत एक खिळा ठोकावयाचा तरी ज्याला खाली जाऊन परवानगी काढावी लागते, त्याने खिडक्या कोणत्या दिशेने काढाव्यात हे या लेखकांनी कधी सांगितलेले नाही.

मी शिक्षणाने मॅट्रिक, धंद्याने मास्तर आणि व्यसनाने कादंबरीकार आहे. या तिन्ही गोष्टींवर कोणाचा बंगला उभा राहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. धामणगाव रेल्वे येथे माझे बिऱ्हाड आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि पुलगाव यांच्या मध्ये हे गाव लागते. जुने धामणगाव निराळे, दत्तापूर निराळे, आणि स्टेशनाच्या आसऱ्याने, कापसाच्या व्यापारावर व जिनिंग-प्रेसिंगच्या भोंग्यावर वाढलेले हे गाव निराळे. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे त्या गावी बदलीची माणसे उतरावयाचीच. मास्तर, बँकेतील कारकून, नर्सबाई, तलाठी, रेल्वेचे नोकर, दुकानांवर काम करणारी पोरे ही सारी मंडळी कोणाच्या तरी माडीवर, कोणाच्या तरी मागल्या खोल्यांत, आणि आताशा तीन मजली 'अपार्टमेंट'च्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करून राहतात. यांनी पृथ्वीशी कसे वागावे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. जणू काही पृथ्वीही फक्त सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याचीच असावी!

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय वाढतो आहे याचे वाचकांनी नवल मानू नये. दिवाळीच्या तोंडावर बिऱ्हाडकरूला दोन कामे असतात. परक्याच्या भिंती झाडणे आणि भाडेवाढीची बोलणी करणे. तेव्हा या विषयाला याहून चांगला मुहूर्त नाही.

प्रथम मी स्वपक्षीयांशी भांडून घेतो. आम्हा बिऱ्हाडकरूंचे एक ब्रीदवाक्य आहे: "घर का आपलं हाये?" नळ टपकतो आहे? घर का आपलं हाये! जिन्यातला दिवा भर दुपारी जळतो आहे? घर का आपलं हाये! हे वाक्य एकदा उच्चारले म्हणजे माणूस सर्व पापांतून मुक्त होतो अशी आमची समजूत आहे. आता जरा हिशेब करू. नळातून सेकंदाला एकच थेंब पडतो असे धरा, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरा. दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी त्या एका थेंबाने जाते. उन्हाळ्यात एक दिवसाआड नळ आला तर ज्या गावांत शेजारणींचे भांडण होते, त्या वऱ्हाडात हे दीड हजार लिटर आम्ही "घर आपले नाही" म्हणून सोडून देतो. घर आपले नसेल. पाणी कोणाचे आहे? आणि तो वायसर, जो कोणत्याही दुकानात चहाच्या किमतीत मिळतो, तो बदलावयास खरेदीखत लागते काय?

२०२१ च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यांसाठी नमुना म्हणून एक भाडेकरू कायदा मंजूर केला. त्याच्या शेवटी दुरुस्तीची कामे वाटून दिलेली आहेत. घराचा मूळ सांगाडा, रंगसफेदी, नळाच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा घरमालकाकडे. नळ व त्याचा वायसर, मोरीची सफाई, बटणे व सॉकेट, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. ही वाटणी मला न्याय्य वाटते. जे रोज हाताला लागते ते वापरणाऱ्याने सांभाळावे, यात काय चुकले?

घर नसले म्हणजे स्वच्छतेचे व काटकसरीचे कर्तव्यही नसते, हा युक्तिवाद निदान अमरावती जिल्ह्यात तरी कोणी करू नये. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांना स्वतःची झोपडीसुद्धा नव्हती. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे आणि हातात खराटा, एवढा त्यांचा संसार. पंढरपूर-नाशिकला त्यांनी हजारोंसाठी धर्मशाळा बांधविल्या, पण त्यांपैकी एकीतही आपले बिऱ्हाड मांडले नाही. हा माणूस दिवसा परक्यांचे गाव झाडी आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून कान धरून शहाणे करी. "गाव का आपलं हाये?" असे जर त्यांनी म्हटले असते, तर आज आमच्या विद्यापीठाला कोणाचे नाव द्यावयाचे ठरले असते? मालकी आणि जबाबदारी यांची गाठ देवाने मारलेली नाही, हे या वऱ्हाडी माणसाने आम्हांला आयुष्यभर दाखविले. तरीही आम्ही ती गाठ सोडावयास तयार नाही.

शिवाय बिऱ्हाडकरूच्या हातात काहीच नाही, हेही खरे नाही. चूल त्याची आहे, मोरी त्याची आहे, बाजाराची थैली त्याची आहे आणि केराची टोपलीही त्याची आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरीच निराळा करावयास सांगितले तेव्हा 'ज्याचे घर त्याने' असे म्हटले नव्हते. ज्याचा कचरा त्याने, असाच त्याचा अर्थ होता. खतासाठी परस लागते हा मोठा गैरसमज आहे. उन्हाळा संपला की पाझरेनासा झालेला जुना माठ घ्यावा, त्याच्या पोटाला चार भोके पाडावीत आणि दोन विटांवर तो बाल्कनीत ठेवावा. त्यात भाजीची देठे, साली व चहाचा चोथा टाकावा आणि प्रत्येक थरावर मूठभर कुटार पसरावे. आमच्याकडे सोयाबीन निघाले की कुटाराला तोटा नाही. नसले तर वाळलेला पाला चालतो. आठवड्यातून एकदा आंबट ताक शिंपडावे आणि काठीने खालवर करावे. दीड-दोन महिन्यांत काळी, मातीसारखा वास येणारी चीज हाती येते. दुर्गंधी येते ती ओल्यावर ओले टाकल्याने. कोरडा थर दिला तर शेजारणीला पत्ताही लागत नाही. तेलाच्या रिकाम्या पिप्यात हे खत घालून लावलेला पुदिना, कढीपत्ता आणि कोथिंबीर बिऱ्हाड बदलताना हातगाडीवर चढते. परसातला बगीचा मालकाजवळ राहतो. पिप्यातला बगीचा आपल्याबरोबर येतो.

किंबहुना माझे म्हणणे याहून पुढचे आहे. ज्याला दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधावे लागते तो माणूस स्वभावतःच पृथ्वीवर हलका भार घालतो. चौथ्या माळ्यावरून कपाट उतरविण्याचा प्रसंग ज्याच्यावर एकदा आला, तो दुसरे कपाट घेण्यापूर्वी दहादा विचार करतो. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, फाटल्या धोतराची पुसणी, रद्दीवाल्याकडे जाणारी वर्तमानपत्रे, कबाड्याकडे जाणारे डबे, हा आमच्या आयांचा शिरस्ता होता आणि त्याला कोणी पर्यावरण म्हणत नसे. आता मात्र 'पर्यावरणपूरक' हा शब्द छापलेला बांबूचा ब्रश दूरदेशीच्या गोदामातून पुठ्ठ्याच्या खोक्यात, त्यात पुन्हा पन्नीच्या वेष्टनात बसून आमच्या दारी येतो आणि तो घेणारा स्वतःला निसर्गाचा मित्र समजतो. महाराष्ट्राने २०१८ साली पन्नीवर बंदी घातली आणि २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरून फेकावयाच्या कितीतरी प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तरीही भाजीबाजारात पन्नी फडफडतेच आहे, कारण थैली घरी विसरणारे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून भिणारा भाजीवाला या दोघांचे गुपचूप संगनमत आहे. कापसाच्या मुलखात कापडी थैली मिळत नाही असे जो म्हणतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एवढे स्वपक्षीयांचे झाले. आता घरमालकांकडे वळतो.

घरमालक हा दुष्ट प्राणी नव्हे. पुष्कळदा तो माझ्यासारखाच निवृत्तीच्या चिंतेने दोन खोल्या वर चढविणारा गृहस्थ असतो. परंतु व्यवहाराची रचनाच अशी आहे, की पंखा तो विकत घेतो आणि विजेचे बिल मी भरतो. साहजिकच तो बाजारातील स्वस्तात स्वस्त पंखा आणतो. जुन्या धाटणीचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नवा, कमी विजेचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. वऱ्हाडात पंखा दिवसाला सोळा तास फिरतो. जुना रोज सव्वा युनिटाच्या जवळ जाळतो, नवा अर्ध्या युनिटाच्या. वर्षातील आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १७० युनिटांचा फरक पडतो. कोळशाच्या एका युनिटाला अर्धा-पाऊण किलो कोळसा लागतो. म्हणजे एका स्वस्त पंख्यापायी दर वर्षी क्विंटलभर कोळसा! कापसाचा क्विंटल काय असतो हे आमच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. आणि हा कोळसा एकटा जळत नाही. तो पाणीही पितो. अमरावतीजवळच्या नांदगावपेठ येथील औष्णिक वीजकेंद्राला पाणी जाते ते अप्पर वर्धा धरणाचे, आणि सिंचनाचे पाणी विजेकडे वळविले म्हणून आमच्या जिल्ह्यात केवढा वाद झाला हे सर्वांना आठवत असेल. हजार-दीड हजार रुपये वाचविणाऱ्या घरमालकाला हे दिसत नाही, कारण ते त्याच्या बिलात येत नाही.

दुसरी गोष्ट मीटरची. कित्येक घरांत तीन बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर असतो. विजेचा दर पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी आणि पुढे चढता असतो. तीन कुटुंबांनी प्रत्येकी नव्वद युनिटे वापरली तर वास्तविक तिघेही खालच्या दरात बसावयास हवीत. पण मीटर एकच असल्यामुळे ती २७० युनिटे होतात आणि काटकसर करणाऱ्या बाईला उधळ्याचा दर पडतो. माझ्या एका पूर्वीच्या बिऱ्हाडी तर युनिटाचा दर मालकांनी स्वतःच ठरविला होता आणि तो कोणत्याही सरकारी पत्रकात सापडण्यासारखा नव्हता. दिवा बंद करण्याचा लाभ जर बंद करणाऱ्याला मिळणार नसेल, तर शाळेतल्या फळ्यावर 'वीज वाचवा' असे मी कोणत्या तोंडाने लिहू?

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि ती माझ्या मते सर्वांत मोठी आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पूर्वीची घरे कवेलूंची किंवा धाब्याची, भिंती मातीच्या आणि हातभर जाड. दाराला वाळ्याची ताटी, ओसरीत रांजण. पुढे पत्र्याचा कूलर आला, आणि कोरड्या हवेच्या या मुलखात तो खरोखर वरदान ठरला. दीड टनी वातानुकूलन यंत्राच्या मानाने तो सातव्या-आठव्या हिश्श्याच्या विजेवर भागवितो. परंतु कूलरला जशी हवा आत घेण्याची वाट लागते तशीच बाहेर जाण्याचीही लागते. समोरासमोर खिडक्या नसतील तर तो खोलीत नुसता दमटपणा भरतो आणि माणूस घामाने निथळतो. आजच्या अपार्टमेंटमधील खोल्या पाहा. एका बाजूला खिडकी, तीन बाजूंना शेजारी, वर उघडी तापलेली स्लॅब. ज्याने हे बांधले तो त्यात राहत नाही. जो राहतो त्याला कूलर चालत नाही, म्हणून तो हप्त्यांनी यंत्र घेतो. त्या यंत्राची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीवर फेकली जाते. मग शेजारीही यंत्र घेतो. आणि वर्तमानपत्रे लिहितात की मध्यमवर्गीयांची चैन वाढली! ही चैन नव्हे, वाचकहो, ही एका न काढलेल्या खिडकीची किंमत आहे.

यावर उपाय काही विलायती नाही. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा दाट हात दिला तर खालची खोली निश्चित थंड राहते. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या मे महिन्यातील भयंकर उष्णतेनंतर २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. एका शहराला जे सुचले ते एका घरमालकाला सुचावयास हरकत नाही. चुना तोही आणू शकतो. मजुरी आम्ही देऊ.

मी हे एकदा एका घरमालकांना म्हणालो. ते हसले. "मास्तर, कायले डोकं खपवता?" ते म्हणाले, "अकरा महिन्यानं तुमी चालले जासान. चुना माह्याच गच्चीवर राहीन ना बाप्पा!" त्याच गृहस्थांनी पुढल्या वर्षी अंगणातला जुना कडुलिंब तोडला. पाला पडतो आणि फरशी घाण होते, हे कारण. त्या झाडाच्या सावलीत आमच्या बाजूच्या तीन खिडक्या होत्या. खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या आजी दुपारी तेथे बाज टाकून पडत. झाड पडल्यावर त्या आजींनी मला विचारले, "मास्तर, तुमी शिकेल माणूस, तुमी कावून नाही बोलले?" मी बोललो होतो. परंतु झाडाची सावली भोगणाऱ्याला झाडावर कसलाच हक्क नसतो, एवढे आजींना समजावून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या गृहस्थांच्या तोंडी आलेला 'अकरा महिने' हा शब्द मात्र मी विसरू शकलो नाही. कारण सगळ्या रोगाचे मूळ तेथे आहे. हे अकरा महिने आले कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे केले. नोंदणीचा खर्च व खटाटोप टाळावा म्हणून लोकांनी एक महिना कमी केला आणि अकरा महिन्यांची चाल पडली. परंतु महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदविलाच पाहिजे असे सांगितले आहे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. म्हणजे ज्या कारणासाठी एक महिना चोरला ते कारणच आता उरले नाही. चोरी मात्र चालू आहे. साठ महिन्यांपर्यंतचे असे करार करण्याची सोय मुद्रांकाच्या तरतुदीत आहे. पण आमच्याकडे घरमालकाला साठ म्हटले की तो साठीतला असल्यासारखा दचकतो.

त्याच्या दचकण्याला इतिहास आहे आणि तो मी नाकारीत नाही. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने घरांची भाडी १९४० सालच्या पातळीशी बांधून टाकली. भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले, भाडे चहापाण्याइतके उरले, आणि मालकांनी चाळींची डागडुजी सोडून दिली. शेवटी त्या मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी सरकारला १९६९ साली निराळा कर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. विदर्भातही १९४९ च्या भाडे नियंत्रण हुकुमाच्या आठवणी जुन्या मालकांच्या मनात आहेत. भाडेकरू घर बळकावील ही भीती त्यांतून आली. पण एका टोकाला भिऊन आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. तेथे भाडेकरू हलत नव्हता म्हणून घर पडले. येथे भाडेकरू टिकत नाही म्हणून झाड पडते. दोन्हींमध्ये घराकडे लक्ष देणारा कोणीच उरत नाही.

१९९९ चा कायदा जेथे लागू आहे तेथे भाडेकरूला काही हक्क आहेत. मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हवेसाठी आवश्यक खिडकी काढणे हे पालिकेची परवानगी असल्यास 'कायमचे बांधकाम' समजू नये, असेही त्यात आहे. ज्या कोणी हे वाक्य घातले त्याने बहुधा वऱ्हाडातला मे महिना काढला असावा! परंतु हे हक्क भाडेकरूला आहेत. अकरा महिन्यांच्या परवानाधारकाला नाहीत. कायद्याने खिडकी उघडली आणि कराराने ती बंद केली.

आता सरकारकडे. २०२४ च्या फेब्रुवारीत छपरावरील सौरविजेची जी मोठी योजना केंद्र सरकारने सुरू केली, तिच्यात तीन किलोवॅट व त्यावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. योजना चांगली आहे. परंतु अर्ज करावयास स्वतःचे छप्पर हवे. छप्पर ज्याचे आहे तो खाली राहतो आणि अनुदान घेतो. वर तापलेल्या स्लॅबखाली जो भाजतो त्याच्यासाठी त्या कागदात एक ओळ नाही. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या २ ऑक्टोबरपासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले; शाळेत पोरांकडून त्या प्रतिज्ञा आम्हीच म्हणवून घेतल्या. पोरे खणखणीत आवाजात म्हणतात. मग एखादा पोरगा उभा राहतो आणि विचारतो, "सर, आमी भाड्यानं राह्यतो. झाड कुठी लावू?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात आलेले नाही.

इतर देशांनी हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केलेला आहे. इंग्लंडमध्ये उष्णता फार वाया घालविणारे, ठराविक प्रतीच्या खालचे घर २०१८ पासून नव्याने भाड्याने देता येईनासे झाले आणि २०२० पासून तोच नियम चालू भाडेकरारांनाही लागू झाला. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात. तेथे २०२४ च्या ऑक्टोबरात कायदा बदलून बाल्कनीच्या कठड्याला लहान सौरपट्टी लावण्याचा हक्क भाडेकरूला दिला. सबळ कारणावाचून घरमालकाला आता नाही म्हणता येत नाही. आमच्यापेक्षा किती तरी कमी ऊन ज्या देशात पडते तेथील भाडेकरूला उन्हावर हक्क मिळाला. आणि आम्ही? आमच्याकडे ऊन फुकट आहे, मुबलक आहे, नकोसे होईपर्यंत आहे. फक्त त्यावर नाव मालकाचे आहे.

पावसाचीही तीच कथा. शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे शंभर लिटर पाणी होते. वर्षाकाठी आठशे मिलिमीटर पडला तर ऐंशी हजार लिटर. हे पाणी पन्हाळीतून रस्त्यावर जाते आणि मार्च महिन्यात तीच बिऱ्हाडे टँकरच्या मागे बादल्या घेऊन धावतात. मालकाला बोअर आहे, म्हणून त्याला घाई नाही. बिऱ्हाडकरूला घाई आहे, पण गच्चीची किल्ली नाही.

नुसती तक्रार करून थांबणे मास्तराला शोभत नाही. म्हणून माझे मागणे स्पष्ट मांडतो. करार निदान तीन वर्षांचा असावा, आणि त्यात भाडेवाढ आधीच लिहावी, म्हणजे मालकालाही भय नको. प्रत्येक बिऱ्हाडाला निराळा मीटर असावा. घर भाड्याने देताना त्यातील पंखे व दिवे कमी विजेचे असावेत. त्यासाठी भाडे पन्नास-शंभर रुपयांनी वाढले तरी बिलात ते भरून निघते, हा हिशेब मी वर दिलाच आहे. गच्चीचा चुना, पन्हाळीचा शोषखड्डा आणि खताचा माठ यांचा उल्लेख करारात एका ओळीत असावा. खर्च कोणाचा आणि श्रम कोणाचे हे तेथेच ठरावे. राहत्या बिऱ्हाडांना विचारल्याशिवाय अंगणातील झाड तोडू नये. नगरपालिकेने सौरपट्टी किंवा जलसंधारणासाठी घरपट्टीत सूट दिली, तर भाड्याने दिलेल्या घराला ती अधिक द्यावी; कारण तेथे उपकार परक्यावर होतो. यांतील एकाही मागणीला क्रांती लागत नाही. एक कागद, दोन सह्या आणि थोडी लाज एवढे पुरे.

बिऱ्हाडकरूंनीही आपला वाटा उचलला पाहिजे. करारावर सही करण्यापूर्वी आपण किती पाणी येते आणि डिपॉझिट किती हे विचारतो. यापुढे खिडकी कोठे उघडते, पंखा किती वॅटचा आहे आणि मीटर कोणाच्या नावाचा आहे, हेही विचारावे. एकाने विचारले तर घरमालक हसेल. दहांनी विचारले तर तो वरमेल. शंभरांनी विचारले तर पुढची इमारत बांधताना तो समोरासमोर दोन खिडक्या काढील, कारण धर्माने जे होत नाही ते रिकाम्या खोल्यांच्या भीतीने होते.

आणि त्या पोराला मी काय उत्तर दिले, असे वाचक विचारतील. शाळेच्या कुंपणालगत जागा होती. तेथे शेवग्याची फांदी लावावयास सांगितली. तो शेवगा वर्षभरात उंच झाला आणि त्याच्या शेंगा आता सगळ्या वर्गाच्या घरी जातात. पोराच्या घराने मधल्या काळात एक बिऱ्हाड बदललेही. झाडाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. परंतु प्रत्येक बिऱ्हाडकरूच्या वाट्याला शाळेचे कुंपण येत नाही. त्यांच्या वाट्याला जे अंगण येते त्यावर फरशी कोणी बसविली आणि ती कोण उखडणार, हा प्रश्न मी घरमालकांच्या, नगरपालिकेच्या आणि विधिमंडळाच्या दारात ठेवतो आहे. पणत्या विझल्यावर तरी त्यांनी तो उचलून पाहावा.